वरातीतून सभागृहात
वऱ्हाडाच्या कानांना इलेक्ट्रॉनिक संगीत नवं नाही, ते बसून ऐकणं मात्र नवं आहे

अकोल्यात किंवा अमरावतीत लग्नाची वरात मंडपाच्या दाराशी पोचली की बँडवाल्यांकडे एक फर्माईश हमखास जाते. नवरदेवाचा एखादा मित्र रुमालाचं टोक दातांत धरतो, दुसरा गुडघ्यांवर येतो आणि भर रस्त्यात नागीण डोलू लागते. ही पुंगीची धून १९५४ च्या 'नागिन' या चित्रपटातली, संगीतकार हेमंतकुमार यांची. तिच्या ध्वनिमुद्रणात पुंगीचा आवाज काढला होता क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यानं. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच अभियंत्यानं १९४७ मध्ये ते तयार केलं होतं. मुंबईत ते वाजवलं कल्याणजी वीरजी शाह यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतून घराघरांत पोचलेल्या कल्याणजींनी. वऱ्हाडातल्या वराती सत्तर वर्षं एका इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या सुरावर नाचत आल्या आहेत.

पुढची यादी मोठी आहे. ऑर्केस्ट्रातला कॅसिओ, भीमजयंतीच्या गाण्यांना आणि देवीच्या जागरणाला ठेका देणारं ऑक्टोपॅड, विदर्भभर मिरवणुकांत ट्रकवरून वाजणारा धुमाल, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघालेल्या अकोल्याच्या कावडींपुढचे डीजे. शास्त्रीय गायकाच्या मागे बसलेली तानपुऱ्याची पेटीही यातलीच. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास ती बाजारात आणली आणि आज ती मोबाइलमध्ये जाऊन बसली आहे.

या भागात इलेक्ट्रॉनिक आवाज पोचला तो रस्त्यावर, उभ्यानं आणि नाचताना. त्याच आवाजाचं दुसरंही एक रूप आहे. तिकीट काढून, सभागृहात बसून, दिवे मंद करून, ख्यालाच्या मैफलीइतक्या लक्षानं ऐकायचं रूप. पॅरिस, कोलोन, न्यूयॉर्क, टोकियो इथे हे प्रयोग कित्येक दशकं चालू आहेत, मुंबई-पुण्यातही अधूनमधून होतात. त्याला प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. हे संगीत वऱ्हाडी श्रोत्याला वाटतं तितकं परकं नाही, आणि ते ऐकण्यासाठी लागणारं बरंच काही इथे आधीच आहे.

मंचावर माणूस नाही

अशा मैफलीला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी खटकतो तो मंच. गायक नाही, साथीदार नाहीत. एका टेबलावर लॅपटॉप, मिक्सर आणि खुंट्या-तारांनी भरलेल्या पेट्या, त्यामागे एखादा कलावंत खाली मान घालून बसलेला. काही मैफलींत तर मंच रिकामाच असतो. कलावंत श्रोत्यांच्या मधोमध बसतो आणि स्पीकर चारही बाजूंनी लावलेले असतात.

यामागे ठाम विचार आहे आणि तो सुरू झाला आगगाडीपासून. पिएर शेफेर हा फ्रेंच नभोवाणीतला अभियंता. त्यानं पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनातल्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले: वाफेचा फुत्कार, शिट्टी, रुळांच्या सांध्यांवरची चाकांची खडखड. टेप तेव्हा त्याच्या हाताशी नव्हती, ध्वनिमुद्रण तबकड्यांवर होई. तबकडीचा तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवून, वेग बदलून, मागेपुढे जोडून त्यानं छोट्या रचना केल्या. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी त्या फ्रेंच नभोवाणीवरून ऐकवण्यात आल्या. शिट्टी चारदा कानावर आली की ती इंजिनाची शिट्टी उरत नाही, तिचा चढ-उतार ऐकू येऊ लागतो, हे शेफेरला सापडलं होतं. १८ मार्च १९५० रोजी पॅरिसच्या एकोल नॉर्माल द म्युझिक या संगीतशाळेत या संगीताची पहिली जाहीर मैफल झाली. लोक खुर्च्यांत बसले आणि स्पीकर वाजले.

हे वाचताना वऱ्हाडी माणसाला शकुंतला ही आगगाडी आठवेलच. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची अरुंद मापाची लाइन कापूस वाहण्यासाठी घातली गेली. तिच्यावर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावलं, मग डिझेल आलं आणि आता कित्येक वर्षं रूळ गप्प आहेत. शेफेरनं पॅरिसमध्ये जमवला तसा सगळा ऐवज मूर्तिजापूरच्या फलाटावर रोज फुकट वाजत होता. त्यातलं किती मुद्रित झालं आणि किती हवेत विरलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

शेफेरच्या मागोमाग जर्मनीत दुसरी वाट निघाली. कोलोनच्या नभोवाणी केंद्रात कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या तरुण संगीतकारानं एका मुलाचा गाता आवाज आणि विजेवर तयार केलेले शुद्ध स्वर एकत्र विणले. ३० मे १९५६ रोजी तिथल्याच मोठ्या सभागृहात ही रचना पाच स्पीकर-समूहांतून ऐकवण्यात आली. आवाज एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकत होता. स्वर, लय आणि शब्द यांच्या जोडीला आवाज कुठून येतो हाही रचनेचा भाग झाला. पुढे १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात जर्मनीनं गोलाकार प्रेक्षागृहच उभारलं. श्रोते आवाज आरपार जाऊ देणाऱ्या जाळीच्या तळावर बसत आणि वर, खाली, भोवती स्पीकर असत. प्रदर्शनाच्या काळात सुमारे दहा लाख लोकांनी तिथे हे संगीत ऐकलं असं सांगितलं जातं.

अहमदाबादची पेटी, मुंबईची तबकडी

हे सगळं पाश्चात्त्यांचं आणि आपण त्याचे उशिरा आलेले पाहुणे, असं कुणाला वाटेल. इतिहास तसं सांगत नाही.

१९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या गायन आणि पखवाज शिकलेल्या होत्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतो आहे हे समजून घ्यायला निघाल्या होत्या. तिथे त्यांची गाठ जॉन केज या संगीतकाराशी पडली. केजनं त्यांना पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकवलं आणि त्यांनी केजला भारतीय संगीत. संगीत कशासाठी, या प्रश्नावर साराभाईंनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत आणि निर्मळ करण्यासाठी. केज पुढे आयुष्यभर ते सांगत राहिला. १९५२ मध्ये त्यानं एक रचना लिहिली. तिच्यात वादक साडेचार मिनिटं एकही सूर लावत नाही आणि श्रोते सभागृहातले व बाहेरचे आवाज ऐकतात. ती पहिल्यांदा पियानोवर सादर केली डेव्हिड ट्यूडरनं.

हाच ट्यूडर १९६४ मध्ये केज आणि मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंचाबरोबर भारतात आला. मुंबई, अहमदाबाद, दिल्ली आणि चंडीगडला प्रयोग झाले. १९६९ मध्ये तो पुन्हा आला तो अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर बसवून द्यायला. रॉबर्ट मूगनं हे वाद्य अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलं होतं १९६४ मध्ये. पाचच वर्षांत ते साबरमतीच्या काठी आलं. अकोल्याहून भुसावळ-सूरतमार्गे एका रात्रीच्या प्रवासावर त्या काळी भारतातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ चालू होता. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि तेव्हा अगदी तरुण असलेले जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. काहींत तानपुरा आणि यंत्राचा षड्ज शेजारी बसले, काहींत पक्ष्यांचे आणि रस्त्यांचे आवाज आले. १९७२ नंतर काम मंदावलं आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या. त्यांतल्या निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि आज कुणीही त्या इंटरनेटवर ऐकू शकतो.

मुंबईत हेच यंत्र वेगळ्या दारानं आत आलं. केर्सी लॉर्ड या हरहुन्नरी वादकानं सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात छोटा मूग आणला. चरणजित सिंग हे चित्रपटगीतांत गिटार आणि बास वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे राग आणि साथीला रोलँड कंपनीची तीन यंत्रं. त्यांतल्या टीबी-३०३ या छोट्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. सिंग यांनी तिच्यातून मींडेच्या जवळ जाणारं काम काढून घेतलं. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी हीच पेटी वापरून 'अ‍ॅसिड हाउस' नावाची नाचाची शैली जन्माला घातली. २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे जाणकार थक्क झाले. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग परदेशांत मैफली करू लागले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. दहा राग एका तबकडीत बसवणारा हा माणूस महाराष्ट्रात राहिला आणि महाराष्ट्रानं त्याला सभागृहात बसून क्वचितच ऐकलं, ही खंत बाळगण्यासारखी गोष्ट आहे.

तानपुऱ्यानं तयार केलेले कान

प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीतातला मोठा भाग एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवण्यावर उभा आहे. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं तोच आवाज, आणि त्याच्या पोटात मुंगीच्या चालीनं होणारे बदल. पाश्चात्त्य श्रोत्याला हे विचित्र वाटतं. तानपुऱ्याच्या झंकारात वाढलेल्या माणसाला वाटू नये.

हा प्रवाह आपल्याकडूनही तिकडे गेला. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग, मेरियन झझीला आणि टेरी रायली हे तिथले नामांकित कलावंत त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर यंग आणि झझीला यांचं 'ड्रीम हाउस' १९९३ पासून आहे. तिथे विजेवर निर्माण केलेल्या स्वरांचा समूह अखंड वाजतो आणि ऐकणारा गालिच्यावर बसून राहतो. मान जरा वळवली तरी ऐकू येणारी सुरावट बदलते. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते आणि त्याच मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचा भोपळा आणि न्यूयॉर्कचं विद्युत-मंडल यांच्यातलं नातं असं सरळ आहे.

घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. मोबाइलवरचा तानपुरा लावावा, बरे हेडफोन घालावेत आणि डोळे मिटून पाच मिनिटं फक्त खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यावं. थोड्या वेळानं गंधार ऐकू येऊ लागतो. तानपुऱ्यात गंधाराची तार नसते. खर्जाच्या तारेच्या पाचपट कंपनांचा अंश त्या आवाजातच असतो आणि जवारी नीट लागली की तो उमलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तानपुरा यांच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला तो याच गुणाबद्दल. न वाजवलेला गंधार ज्याला ऐकू आला, त्याला सभागृहातल्या इलेक्ट्रॉनिक मैफलीत ऐकण्यासारखं पुष्कळ सापडेल.

दुसरा धडा पेटीवाल्यांना माहीत असतो. दोन स्वर जवळजवळ सारखे पण किंचित वेगळे असले की आवाजात लाटा उठतात. एक स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४३ चा असेल तर सेकंदाला तीन लाटा. पेटी जुळवणारा कारागीर या लाटा मोजत सूर मिळवतो. इलेक्ट्रॉनिक कलावंत याच लाटांची लय करतो. तबला नाही, ढोल नाही, दोन स्वरांमधलं अंतर हळूहळू बदलत ठेका जलद किंवा संथ होत जातो.

सुरांबाबत यंत्र कडक असतं अशी समजूत आहे आणि ती पेटीमुळे पक्की झाली. पेटीचे स्वर ठरलेले, म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्याआधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवण्याचा ध्यास घेतला होता. देवलांचं श्रुतींवरचं पुस्तक १९१० चं. त्यांना लाकडात आणि पितळी पट्ट्यांत जे साधताना घाम फुटला ते आजच्या सिंथेसायझरवर आकडा बदलून होतं. कोमल ऋषभ किती उतरलेला हवा हे तिथे कलावंत ठरवतो. अरुषी जैन या हिंदुस्थानी गायन शिकलेल्या कलावतीनं २०२१ मध्ये संध्याकाळच्या वेळेसाठी केलेला संग्रह याचा चांगला नमुना आहे. त्यात गळा आणि तारांनी जोडलेल्या पेट्या एकत्र बढत करतात.

ऐकावं काय आणि कसं

नव्या श्रोत्यानं तीन गोष्टींवर कान ठेवला तर वाट सापडते.

पहिली म्हणजे आवाजाचा पोत. स्वर कोणता हे शोधण्याआधी तो खरखरीत आहे की गुळगुळीत, भरीव की पोकळ, हे टिपावं. यंत्रात एक कंपक मूळ आवाज देतो, गाळणी त्यातला तीक्ष्ण किंवा जड भाग कमी-जास्त करते आणि तिसरा भाग आवाज कसा उगवतो, टिकतो, मावळतो हे ठरवतो. गाळणी उघडताना आवाज उजळत जातो, तो क्षण ओळखता आला की मैफलीची निम्मी भाषा कळली.

दुसरी गोष्ट जागा. आवाज डावीकडून आला, डोक्यावरून मागे गेला, जवळ आला, लांब गेला, याकडे लक्ष द्यावं. त्यासाठी खुर्ची सभागृहाच्या मधल्या पट्ट्यात घ्यावी. पहिल्या रांगेचा मान इथे कामाचा नाही, तिथे मागचे स्पीकर नीट ऐकूच येत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळ. सम येणार नाही, मुखडा परतणार नाही, टाळी कुठे द्यायची ते कळणार नाही. विलंबित ख्यालाच्या आलापीत बसणारा माणूस ज्या सबुरीनं बसतो तीच सबुरी इथे लागते. दहा मिनिटांपूर्वी काय वाजत होतं ते आठवून आता काय वाजतंय याच्याशी ताडून पाहिलं की रचनेची चाल लक्षात येते.

सगळ्याच मैफली चांगल्या असतात असं नाही. नुसता गोंगाट करून त्याला प्रयोग म्हणणारेही आहेत. पारख करण्याची कसोटी सोपी आहे: कलावंतानं शांतता कशी वापरली? आवाज थांबवण्याची हिंमत आणि थांबवल्यावर पुन्हा सुरू करण्याचं कारण, या दोन गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो कसलेला समजावा. बाकी शिष्टाचार मैफलीचेच. दार बंद होण्याआधी पोचावं, मोबाइल पूर्ण बंद ठेवावा, त्याचा उजेडही अंधारात शेजाऱ्याला त्रास देतो. रचना संपली की कलावंत हात खाली घेतो, तोवर टाळ्या थांबवाव्यात.

आवाजाची मोजदाद

वऱ्हाडात इलेक्ट्रॉनिक संगीताचं नाव काढलं की लोक कपाळाला आठ्या घालतात आणि ते रास्त आहे. भिंतीसारखे रचलेले स्पीकर, हादरणारी तावदानं, छातीत धडधड, घरातले म्हातारे आणि तान्ही बाळं हैराण, हा अनुभव प्रत्येक मोहल्ल्यानं घेतला आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. मर्यादा कागदावर आणि मिरवणूक रस्त्यावर असं अनेकदा होतं.

सभागृहातल्या प्रयोगशील मैफलीचा सगळा डाव याच्या उलट आहे. तिथे हलक्यात हलका आवाज ऐकू यायला हवा असतो, म्हणून शांतता हेच पहिलं भांडवल. काही रचना मोठ्या आवाजाच्या असतात हे खरं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी मानक दिलं आहे: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, श्रोत्यांना कानातले बोळे मिळावेत आणि विश्रांतीसाठी शांत जागा असावी. डेसिबलचं गणित फसवं असतं. ८५ डेसिबल आठ तास सोसवतात. दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो आणि शंभरला पोचेपर्यंत जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. जो आयोजक दाराशी बोळे ठेवतो आणि मंचाशेजारी मोजणीयंत्र लावतो त्याच्या मैफलीला निर्धास्त जावं. आवाज सोसवेना तर उठून बाहेर येण्यात अपमान कुणाचाच नाही.

नियमांत सभागृहांसाठी एक सोय आहे. बंद प्रेक्षागृहात, आतल्या आत वापरलेल्या ध्वनिवर्धकाला रात्री दहाची अट तशी लागू नाही. आवाज बाहेर जाऊ नये एवढीच जबाबदारी आयोजकांची.

अमरावती-अकोल्यात काय आहे, काय हवं

अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे, अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे. नाटकं, गझलांच्या बैठकी, व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम इथे होत आले. ऐकण्याची परंपरा त्याहून जुनी. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी' हे नाटक बलवंत संगीत मंडळीनं १९२७ मध्ये रंगभूमीवर आणलं आणि त्यातली पदं मराठी मुलखात गाजली. गुरुकुंज मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं हजारोंना एका ठेक्यात बसवलं. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा. शब्द आणि सूर यांच्यासाठी शांत बसणारा श्रोता इथे घडलेला आहे.

नाटकासाठी बांधलेलं सभागृह या संगीताला सोयीचंही पडतं. वाद्यवृंदाच्या सभागृहात आवाज सुमारे दोन सेकंद घुमत राहावा लागतो. नाट्यगृहात संवाद स्पष्ट कळावेत म्हणून हा घुमारा एका सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. स्पीकरमधून येणाऱ्या संगीताला अशीच कोरडी जागा मानवते, कारण घुमारा हवा तेवढा कलावंत यंत्रातच मिसळतो.

सामान फार लागत नाही. चार चांगले स्पीकर सभागृहाच्या चार कोपऱ्यांत, चार वेगळे आवाज बाहेर काढणारं एक ऑडिओ इंटरफेस, मिक्सर आणि लॅपटॉप. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी आहे. मिलर पकेट यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेलं प्युअर डेटा आवाज घडवण्यासाठी आहे. सॅम एरन यांनी शाळकरी मुलांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं सोनिक पाय आहे, त्यात संगणकाच्या ओळी लिहीत प्रत्यक्ष वाजवता येतं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयांची कमतरता नाही. संगणक जाणणारा विद्यार्थी आणि गाणं शिकणारी विद्यार्थिनी एका खोलीत बसली तर पहिली रचना एका सत्रात तयार होऊ शकते.

आणि कच्चा माल? तो तर दारात आहे. जिनिंग कारखान्यातल्या रोलरची एकसुरी घरघर, दाबाखाली गाठ बांधली जाताना होणारा आवाज, मेळघाटातली रात्र, कोरकूंचे ढोल आणि बासरी, नवरात्रात अंबादेवीच्या रस्त्यावरची गर्दी, पहाटेच्या भाजी-अडतीतला लिलाव, वैशाखातल्या कूलरची खळखळ. यांतले काही आवाज आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत. मोबाइलवर का होईना, ते आज नोंदवून ठेवले तर उद्याच्या कलावंताला ऐवज मिळेल आणि जिल्ह्याला आवाजाचं दफ्तर.

तोवर ज्याला अशी मैफल प्रत्यक्ष ऐकायची आहे त्यानं मुंबई-पुण्याकडे लक्ष ठेवावं. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात १९८० मध्ये सुरू झालेलं टाटा थिएटर आणि १९८६ चं एक्स्पेरिमेंटल थिएटर आहे. दोन्ही शहरांतलं मॅक्सम्युलर भवन नव्या संगीताचे कार्यक्रम करत असतं. अमरावतीहून संध्याकाळी अंबा एक्सप्रेसनं निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी मुंबईत कार्यक्रम ऐकून परतीची गाडी पकडू शकतो. जाण्याआधी अहमदाबादच्या टेपा आणि चरणजित सिंग यांची तबकडी घरी ऐकून जावी, म्हणजे कान कोरे राहणार नाहीत.

पण वऱ्हाडातल्या माणसानं हे ऐकायला दर वेळी सहाशे-सातशे किलोमीटर का जावं? विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोककला आहे, भारतीय गायन आहे, पाश्चात्त्य गायनही आहे. त्यात विद्यार्थ्यांनी घडवलेल्या ध्वनिरचनांना एक तास द्यावा. अमरावती आणि अकोल्याच्या सांस्कृतिक संस्थांनी वर्षातून एक संध्याकाळ या संगीतासाठी राखावी, तिकीट विद्यार्थ्याला परवडेल एवढं ठेवावं, आवाज मोजून ठेवावा आणि मैफल संपल्यावर श्रोत्यांना मंचावर बोलावून ती यंत्रं हाताळू द्यावीत. आणि श्रोत्यांनी पहिल्या संध्याकाळी आवडलं नाही तरी दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा यावं.